साडेनवाची रिंग

रेवणसिद्धअप्पांच्या डोक्याला लागलं ते चारचौघांत सांगायलाही लाज वाटावी असं लागलं. मोटारीखाली आले नाहीत, जिन्यावरून गडगडले नाहीत. कुरुंदवाडला चुलत भाचीचं लग्न होतं, तिथून परत येताना एसटीत मागच्या बाकावर जागा मिळाली आणि हातकणंगले सोडल्यावर ड्रायव्हरने एक गतिरोधक असा काही उडवला की अख्खा बाक वर गेला. बाकीचे नुसते वर गेले आणि खाली आले. अप्पा नेमके त्याच वेळी पिशवी काढायला उठत होते. सामानाच्या रॅकचा लोखंडी दांडा त्यांच्या टाळूच्या जरा मागे बसला. रक्त नाही, खोक नाही. सुपारीएवढं टेंगूळ, बस्स.

शेजारी रुकडीच्या शालूबाई म्हणून एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि लई लागलं का पावणं, म्हणून विचारलं. अप्पांनी मान हलवून काही नाही म्हटलं. तेवढ्यावर बाई थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आपल्याकडे कुणाला काही लागलं की तसंच लागून मेलेला एक माणूस प्रत्येकाच्या नात्यात निघतो. शालूबाईंच्या जावेचा भाऊ निघाला.

"चौकट लागलती वो डोक्याला," त्या म्हणाल्या. "हसला, जेवला, झोपला. सकाळी उठलाच न्हाई. बाहेरनं काय दिसत न्हाई, आत रगत साकळतंय. तुमी आज झोपू नका, आनि घरच्यास्नी सांगून ठेवा."

एवढं सांगून बाई रुकडीच्या फाट्याला उतरून गेल्या. अप्पा मात्र ते ऐकलेलं घेऊन कोल्हापूरपर्यंत आले.

घरच्यांना सांगा म्हणे. अप्पांच्या घरी भिंती होत्या, दोन खोल्या होत्या, बायकोचा हार घातलेला फोटो होता. शाहूपुरीत टायरच्या दुकानावरच्या माडीवर ते एकटे राहत. छत्तीस वर्षं गुळाच्या बाजारात तोलाईदार होते. ढेप काट्यावर चढली की सौद्याला जमलेली सगळी माणसं अप्पांच्या तोंडाकडे बघायची आणि अप्पा काट्याकडे. काटा हलायचा थांबल्याशिवाय त्यांच्या तोंडून वजन निघत नसे. व्यापारी घाई करत, शेतकरी घाई करत, बाहेर बैलगाड्या तटलेल्या असत, पण अप्पा ढिम्म. काटा ठरू दे. बाजारात त्यांना मान होता तो या एका गोष्टीमुळे आणि घरात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे तेही याच गोष्टीमुळे. माणूस एकच, बाजारात ज्याला सचोटी म्हणायचे त्यालाच घरात हट्ट म्हणायचे.

मुलगा रुद्रेश त्या हट्टामुळेच दुरावला होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका ओतकाम कारखान्यात त्याला नोकरी लागली तेव्हा त्याने घरी सांगितलं की भट्टीजवळ काम आहे, गळ्यात, हातात काही ठेवून चालत नाही. अप्पांनी विचारलं, लिंगाचं काय? लिंगायताच्या अंगावर जे जन्मल्यापासून आहे आणि मेल्यावरच अंगाबरोबर मातीत जायचं, ते इष्टलिंग आठ तास उतरवून ठेवणार? रुद्रेश म्हणाला, नियमच आहे अप्पा. अप्पा म्हणाले, मग असली नोकरी नको. रुद्रेश म्हणाला, मग खायचं काय? दोघंही आवाज न चढवता बोलले. आवाज चढला असता तर कदाचित भांडण होऊन मिटलं असतं. महिन्याभरात तो बायकोला, सौंदर्याला, घेऊन कागलला राहायला गेला. कोल्हापूरहून कागल अर्ध्या तासावर, पण अप्पा त्या अर्ध्या तासाच्या रस्त्याने कधी गेले नाहीत.

मागच्या साली, दोन हजार पाचला, बायको दानेश्वरी गेली. कार्य उरकल्यावर रुद्रेश म्हणाला, "अप्पा, चला आमच्याकडं." आणि अप्पा बोलून गेले, "मला कुणाची गरज न्हाई. माझं मी बघतो." बोलताना वाटलं होतं की तो पुन्हा एकदा विचारेल. त्याने विचारलं नाही. पुढच्या खेपेला येताना एक छोटा मोबाइल घेऊन आला. त्यात एकच नाव साठवून दिलं, आपलं. म्हणाला, "सकाळी पूजा झाली की एक रिंग द्या आनि कट करा. मला कळेल बरं हाय म्हणून."

तेव्हापासून रोज साडेनवाला अप्पा रिंग देत. एक वाजली की कट. वर्षभरात बापलेकात याहून जास्त फारसं बोलणं झालं नव्हतं, सणावाराला आला तर पाऊण तास, तोही चहाच्या कपाकडे बघत. पण ती रिंग अप्पांना पुरायची. त्यांच्या मनात एक चित्र होतं. तिकडे रुद्रेशच्या खिशात फोन वाजतो, तो काढतो, नाव बघतो, अप्पा बरे आहेत म्हणतो आणि पुन्हा कामाला लागतो. ह्या चित्रावर अप्पा दिवस काढत होते, उगीच कशाला खोटं सांगा.

तर एसटीतून उतरले तेव्हा अप्पांना जरा गरगरल्यासारखं झालं. लागल्यामुळे, की शालूबाईंच्या जावेच्या भावामुळे, देव जाणे. ते घरी न जाता थेट चौकातल्या डॉक्टर अनुजाबाईंकडे गेले. बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, बोटाकडे बघायला लावलं, सरळ रेषेत चालवलं, ब्लडप्रेशर घेतलं, बेशुद्ध झाला होता का, काय घडलं ते सगळं आठवतंय का, विचारलं. सगळं ठीक होतं. साधा मार आहे, म्हणाल्या, मेंदूला हिसका बसला असला तर एकदोन दिवस डोकं जड वाटेल, हलकं खा, पाणी भरपूर प्या, झोपा, विश्रांती घ्या. तरी वय आहे, म्हणून एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून दिल्या. यातलं काहीही झालं तर लगेच यायचं: उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, एकाचे दोन दिसणं.

"आणि आजची रात्र, उद्याचा दिवस कुणीतरी जवळ हवं," बाई म्हणाल्या. "मधून मधून उठवून बघायचं. घरी कोण असतं?"

"सून हाय," अप्पा म्हणाले.

छत्तीस वर्षांत वजन खोटं सांगितलं नाही त्या माणसाने हे इतक्या सहज सांगितलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बाईंनी चिठ्ठीवर सुनेसाठी आणखी दोन ओळी लिहिल्या. अप्पांनी ती चिठ्ठी चार घड्या घालून खिशात ठेवली आणि घरी येऊन दानेश्वरीच्या फोटोच्या चौकटीत खोचली. आणखी कुणाला देणार?

मग बसले विचार करत. एकट्या माणसाला विचार करायला वेळ फार असतो आणि मधेच थांबवणारं कुणी नसतं. डॉक्टरीणबाई हलकं खा म्हणाल्या होत्या, पण चिठ्ठीत पहिलं कलम होतं उलटी. अप्पांना जरा मळमळत होतं. खाल्लं आणि उलटी झाली तर? ती डोक्याची उलटी की पोटाची, कोण ठरवणार? त्यापेक्षा पोटात काही नसलेलं बरं. दुपारी लग्नाच्या पंगतीतही गर्दीमुळे चार घासच खाल्ले होते, त्याची त्यांना आठवण नव्हती. रात्री जेवले नाहीत. पाणीही बेतानेच प्यायले. आणि झोपा म्हटलं होतं ते उठवायला माणूस असेल तर. उठवायला कुणी नाही म्हणून झोपायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि रात्र खुर्चीत ताठ बसून काढली. डुलकी आली की आपल्याच मांडीला चिमटा घेत. डॉक्टरने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या उलट वागून हा माणूस स्वतःला जपत होता.

सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून अप्पा पूजेला बसले. गळ्यातला चांदीचा डबा उघडला, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. मग हात डोळ्यांसमोर धरून नजर लावली. साठ वर्षं रोज असंच. सहाव्या वर्षी वडिलांनी शिकवलं होतं की नजर लिंगावर ठरली पाहिजे. ती ठरली, मन ठरलं, की पूजा झाली. मग तीर्थ घ्यायचं आणि मग बाकीचं अन्नपाणी. त्याआधी पाण्याचा थेंब नाही.

त्या दिवशी लिंग हललं.

अप्पांनी डोळे मिटून उघडले. लिंग डावीकडे गेलं, उजवीकडे आलं. कडा पुसट झाली. हात थरथरतोय की डोळा, कळेना. आणि मग क्षणभर, अगदी क्षणभर, कडेला दुसरी एक कडा दिसली. एक की दोन?  चौथं कलम. एकाचे दोन दिसणं.

शहाण्या माणसाने इथं उठून, दोन घोट पाणी पिऊन डॉक्टर गाठला असता. पण पूजा अर्धी झाली होती. लिंग हातात होतं. अर्धी पूजा सोडून पाणी कसं प्यायचं? आणि काटा हलत असताना वजन झालं म्हणून कसं सांगायचं? जरा थांबू, ठरेल, असं म्हणून अप्पा थांबले. साडेनऊ झाले. दहा झाले. लिंग काही ठरेना. हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी ते डब्यात ठेवलं, भिंतीला टेकून बसले, अर्ध्या तासाने पुन्हा काढलं. आता जास्तच हलायला लागलं. हलणारच. पोटात कालपासून काही नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण अप्पांना ते कुठून सुचणार? त्यांच्या डोक्यात जावेचा भाऊ बसला होता.

मोबाइल समोर पाटावर होता. पूजा झाली की रिंग, असा ठराव होता. पूजा झाली नाही, तर रिंग नाही. पहिल्यांदा हे इतकं सरळ होतं. पण अकराच्या सुमाराला त्यांच्या मनात दुसरंच काही आलं. आज रिंग गेली नाही. रुद्रेशच्या खिशात साडेनवाला काही वाजलं नाही. आता तो करेल. अप्पा, काय झालं म्हणेल. मग सांगू.

खाली टायरच्या दुकानात हवेचं मशीन धडधडत होतं, गिऱ्हाइकं मोठमोठ्याने बोलत होती. त्यातलं कुणी जिन्याने वर येण्याचं कारण नव्हतं. दुकानवाला टायर रस्त्यात मांडतो म्हणून अप्पांनी दोन वर्षांपूर्वी त्याला चार शब्द सुनावले होते आणि त्यानेही त्यानंतर मान वर करून पाहिलं नव्हतं. साडेअकरा झाले. फोन गप्प. अप्पांनी तो उचलून बघितला, चार्ज होता, रेंज होती. बारा झाले. आता अप्पांना राग यायला लागला. वर्षभर रोज रिंग देतोय, एक दिवस चुकली तर कळू नये? की आधीपासूनच कुणी बघत नव्हतं? वाजलं काय आणि न वाजलं काय, सारखंच? मेलो तर इथं दुर्गंधी सुटल्यावर टायरवाल्याला कळेल, आणि तोसुद्धा पहिल्यांदा उंदीर मेला म्हणेल.

रागाने जरा बळ आलं होतं, ते ओसरल्यावर मात्र अप्पा घाबरले. साध्या शब्दांत सांगायचं तर त्यांना एकटं वाटलं. बायको गेली तेव्हा वाटलं नव्हतं इतकं. दानेश्वरी असती तर समोर बसली असती. तीही पूजेला रोज समोरच बसायची, आणि आधी उरकली तरी अप्पांची नजर ठरेपर्यंत पाण्याचा तांब्या घेऊन थांबायची. त्या तांब्याकडे बघायची सवय अजून गेली नव्हती. आता तिथं भिंत दिसली आणि भिंतही हलली.

पाऊण वाजता फोन वाजला.

पडद्यावर नाव आलं. त्यात एकच नाव होतं. अप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, त्यांनी बटण दाबलं आणि रुद्रेश म्हणून हाक मारली.

"पावणं, रुद्रेश न्हाईत," पलीकडून एक जाडा, अनोळखी आवाज म्हणाला. "रुद्रेशच्या फोनवरनं बोलतोय. तुमी त्यांचं वडील न्हवं?"

 स्वतःचं डोकं, लिंग, जावेचा भाऊ, सगळं अप्पा क्षणात विसरले. भट्टी. वितळलेलं लोखंड. मुलाचा फोन दुसऱ्या माणसाच्या हातात.

"काय झालं त्याला?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण त्यांना ओळखू आला नाही.

"अवो त्यास्नी काय हुतंय, आत लायनीवर हाईत की. मी हंबीरराव, गेटवरचा. आज तुमची रिंग न्हाई आली, म्हणून केला. म्हटलं, म्हातारा बरा हाय न्हवं."

अप्पांना काही समजेना. हंबीररावांनी सांगितलं ते त्यांनी भिंतीला टेकून ऐकलं. कारखान्यात फोन आत न्यायला परवानगी नाही. कामगार सात वाजता येतात, फोन गेटवरच्या लाकडी खणात ठेवतात, साडेतीनला सुट्टी झाली की घेऊन जातात. रुद्रेशचा खण हंबीररावांच्या खुर्चीच्या अगदी डोक्यावर. रोज साडेनवाला तिथं एक रिंग वाजते आणि बंद होते. पहिले काही दिवस त्यांना कळलं नाही, मग रुद्रेशला विचारलं, तर तो म्हणाला, वडील आहेत, कोल्हापूरला एकटे असतात. तेव्हापासून ती रिंग वाजली की हंबीरराव चहा सांगतात. आज वाजली नाही, चहा राहिला. जेवणाच्या सुट्टीला रुद्रेश बाहेर आला नाही, भट्टी चालू होती. तेव्हा म्हटलं आपणच बघावं. दुसऱ्याचा फोन वापरला, रागवू नका.

वर्षभर जे चित्र अप्पांच्या मनात होतं ते असं गेटवर जाऊन फुटलं. खिसा नव्हताच. मुलगा नव्हता. रोजची रिंग एका लाकडी खणात वाजत होती आणि ती एक परका माणूस ऐकत होता. अप्पांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला, फार वाईट वाटलं. पण त्याच वेळी असंही वाटलं की ह्या जगात एका माणसाचा चहा आपल्यामुळे राहिला.

"रुद्रेशला कळत न्हाई मग," ते म्हणाले.

"कळतंय की. सुट्टी झाली की पयलं फोन काढत्यात, तुमचं नाव बघत्यात, मग त्यो गळ्यातला चांदीचा डबा घालत्यात, मग गाडीला किक. डबा आनि फोन येकाच खणात असतोय न्हवं. डब्याला हात लावू देत न्हाईत कुणाला. एकदा साफसफाईवाल्यानं खण पुसाया घेतला तर केवढं रागं भरलं त्याला."

 अप्पांना वाटत होतं मुलाने लिंग टाकलं. कुठंतरी कपाटात, कपड्यांखाली. विचारायची कधी हिंमत झाली नव्हती, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

"पावणं, हाय का?" हंबीरराव म्हणाले. "तुमचा आवाज काय बरा न्हाई वाटत. जेवलासा?"

आणि मग रेवणसिद्ध तोलाईदारांनी, ज्यांनी डॉक्टरला खोटं सांगितलं, मुलाला काही सांगितलं नाही, त्यांनी कधी तोंडही न पाहिलेल्या वॉचमनला सगळं सांगितलं. एसटी, दांडा, शालूबाई, चिठ्ठी, खुर्चीत काढलेली रात्र. सकाळपासून लिंग ठरत नाही म्हणून पूजा झाली नाही, पूजा झाली नाही म्हणून पाणी नाही.  हंबीरराव ऐकून झाल्यावर म्हणाले, की लिंगाचं मला काय कळत नाही, मी लिंगायत नाही, पण कालपासून अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, तर तरण्याताठ्या गड्याचंही डोकं फिरेल. डोक्याला लागलेलं असेल-नसेल ते डॉक्टर बघेल, पण डॉक्टरपर्यंत जायला माणूस उभा तर राहिला पाहिजे. आणि मग त्यांनी विचारलं, "घरी कोण हाय?"

काल ह्याच प्रश्नाला अप्पांनी सून म्हणून सांगितलं होतं. आता जीभ तिकडे वळली नाही.

"कोण न्हाई," ते म्हणाले.

"आत निरोप धाडू का?"

माझं मी बघतो, हे शब्द अप्पांच्या ओठांवर अगदी तयार होते. सवयीचे होते.  पलीकडे हंबीरराव थांबले होते, आणि कुठंतरी लांब यंत्रांचा घुमता आवाज येत होता. त्या आवाजात आपला मुलगा आहे, एवढं अप्पांना कळत होतं.

"धाडा," अप्पा म्हणाले.

सव्वादोनला जिन्यात बूट वाजले. रुद्रेश कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच आला होता, कपाळावर काजळी, भुवया धुळीने पिवळट. दाराबाहेर बूट काढून त्याने बापाकडे पाहिलं, मग फोटोच्या चौकटीतली चिठ्ठी पाहिली, काढून वाचली. सुनेसाठी लिहिलेल्या दोन ओळींवर त्याची नजर जरा जास्त वेळ राहिली. पण तो त्याबद्दल काही बोलला नाही. अप्पांनी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. कॉलरच्या आत दोरा होता. तेही काही बोलले नाहीत. बापाचा गुण मुलात पुरता उतरला होता.

गाडी काढतो, डॉक्टरकडे जाऊ, असं रुद्रेश म्हणाला. अप्पा म्हणाले, पूजा. त्याने वाद घातला नाही. मोरीत जाऊन हात धुतले, दोनदा साबण लावला तरी नखांतला काळेपणा गेला नाही. कपाळाला विभूती लावली आणि अप्पांच्या समोर येऊन बसला, जिथं दानेश्वरी बसायची तिथं. अप्पांनी डबा उघडला, लिंग तळहातावर घेतलं, हात उचलला. हात थरथरला.

रुद्रेशने आपला हात त्या हाताखाली धरला. भट्टीवर काम करून राठ झालेला, गरम हात. त्याने जोर लावला नाही, नुसता आधार दिला, काट्याखाली फळी सरकवावी तसा. अप्पांनी डोळे मिटले, उघडले. लिंग डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, कमी गेलं, कमी आलं. आणि थांबलं. एकच होतं.

रुद्रेशने तांब्या पुढे केला. अप्पांनी तीर्थ घेतलं, मग घटाघटा पाणी प्यायले. रुद्रेशने वाटेत घेतलेली केळी सोलून दिली, ती खाल्ली. थोड्या वेळाने डोळ्यांपुढची धूळ जरा खाली बसली. डोकं अजून जड होतं, टेंगूळ ठणकत होतं, पण भिंत जागच्या जागी होती. पायात चपला घालून अनुजाबाईंकडे जायचं, त्यांनी काय सांगायचं ते सांगू दे, असं ठरलं. रुद्रेश उठला, दारात जाऊन बूट चढवले आणि गाडीची किल्ली चाचपू लागला. आजच्या उरलेल्या पाळीची रजा मिळाली आहे, म्हणाला, उद्या पुन्हा सातची पाळी.

म्हणजे डॉक्टरकडून आणून सोडेल आणि जाईल. अप्पांना ते कळलं. सांगायला हवं होतं, पण त्याच्या पाठमोऱ्या निळ्या शर्टाकडे बघत तोंड उघडेना. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी पाटावरचा मोबाइल घेतला. पूजा झाली होती. रोजच्या सवयीने अंगठा बटणावर गेला.

रिंग खोलीतच वाजली.

रुद्रेशच्या खिशात, दोन हातांवर. वर्षभर रोज दिलेली रिंग अप्पांनी तिकडच्या बाजूने पहिल्यांदाच ऐकली. कसलीशी बारीक, किरकिरी धून होती. कट करायचं ते विसरले. दुसऱ्यांदा वाजली. रुद्रेश वळला, खिशातून फोन काढला, नाव बघितलं. अप्पांकडे बघितलं. मग त्याने तो उचलला आणि कानाला लावला, तिथंच दाराजवळ उभं राहून.

"हां अप्पा," तो म्हणाला. "बोला."

समोरासमोर जे वर्षभर निघालं नव्हतं ते अप्पांनी फोनमध्ये तोंड घालून, भिंतीकडे बघत सांगितलं.

"बरं न्हाई मला," ते म्हणाले. "आज इथंच ऱ्हा."

रुद्रेशने फोन बंद करून खिशात ठेवला. खाली हवेचं मशीन चालू होतं. मग त्याने खाली वाकून बूट काढले, दाराच्या आत ठेवले आणि डॉक्टरकडे जायला अप्पांच्या जुन्या चपला पायात सरकवल्या.